सत्ता, संपत्ती आणि मानवी पडदा : तेंडुलकर–जब्बार पटेल यांच्या तीन कलाकृतींचा पुनर्विचार

प्रस्तावना

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे लेखन आणि डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन यांच्या संयोगातून १९७० च्या दशकात सत्ताविषयक तीन महत्त्वाच्या मराठी कलाकृती निर्माण झाल्या. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेले 'घाशीराम कोतवाल' हे नाटक, १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखविला गेलेला 'सामना' हा चित्रपट आणि अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर आधारलेला 'सिंहासन' (१९७९) हा चित्रपट, अशी ही तीन टोके आहेत. पेशवाईतील पुणे, साखर कारखान्याच्या परिसरातील खेडे आणि मुंबईतील मंत्रालय अशी त्यांची स्थळे भिन्न असली, तरी सत्ताधीश व त्याच्या आश्रयाने वावरणारी माणसे यांचे संबंध हा तिन्हींचा समान विषय आहे.

या कलाकृतींवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यात जातिसंघर्ष, इतिहासाचे विकृतीकरण, हिंसेचे चित्रण, लोकनाट्याच्या घटकांचा वापर आणि राजकारणाचे वास्तव दर्शन हे मुद्दे प्रामुख्याने आढळतात. एक प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहिला आहे. सत्तेतून मिळविलेली संपत्ती कोणाच्या नावावर ठेवली जाते आणि सत्ताधीश गेल्यावर तिचे काय होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे तिन्ही कलाकृतींचे पुनर्वाचन केले आहे. तुलनेसाठी फिलिपीन्सचे हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस आणि त्यांची संपत्ती सांभाळणारे उद्योजक यांचे उदाहरण घेतले आहे. साखर आणि नारळ या दोन शेतमालांभोवती घडलेले हे प्रकरण नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील, म्हणजे बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील अभ्यासकाला दूरचे वाटू नये.

सावकार आणि धनरक्षक

विवेचनापूर्वी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सत्ताधीशाला पैसा पुरविणारा तो सावकार. त्याचे नाव उघड असते, येणे वहीत मांडलेले असते आणि वेळ येताच तो ते उघडपणे मागतो. बारामतीच्या इतिहासातच याचे ठळक उदाहरण आहे. बारामतीकर बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे आप्त आणि मोठे सावकार होते. १७४० मध्ये पहिल्या बाजीरावाचा मृत्यू झाला, तेव्हा रघूजी भोसले यांच्या पाठबळावर ते पेशवेपदाचेच दावेदार झाले आणि पेशव्यांवरील कर्जाचा प्रश्नही तेव्हा पुढे आला. कवी मोरोपंतांना आश्रय देणारे हेच घराणे. सत्तेला कर्ज देणाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या नावात कसे असते, हे या उदाहरणावरून दिसते.

धनरक्षकाची स्थिती याच्या उलट असते. तो सत्ताधीशाला पैसा देत नाही, सत्ताधीशाचा पैसा स्वतःच्या नावावर ठेवतो. कागदोपत्री मालक तो आणि प्रत्यक्ष मालक दुसराच, असा हा व्यवहार आहे. 'बेनामी' हा फारसीतून आलेला शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे आणि १९८८ च्या केंद्रीय कायद्याच्या नावातही तो आहे. तथापि बेनामी व्यवहारात नाव नसते असे नाही. तेथे नाव असते, ते दुसऱ्याचे असते. ज्याचे नाव वापरले जाते तो माणूस कोण, तो का तयार होतो आणि पुढे त्याचे काय होते, हा साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे.

मार्कोस यांचे धनरक्षक

१९६५ मध्ये निवडणुकीने अध्यक्ष झालेल्या मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये जनआंदोलनामुळे त्यांना देश सोडावा लागेपर्यंत सत्ता आपल्या हाती ठेवली. संपत्ती लपविण्याचा उद्योग मात्र लष्करी कायद्याच्या आधीच सुरू झाला होता. १९६८ मध्ये झुरिकच्या एका बँकेत मार्कोस यांचे खाते 'विल्यम साँडर्स' आणि त्यांच्या पत्नी इमेल्डा यांचे 'जेन रायन' या नावाने उघडले गेले. पुढे खोट्या नावांची जागा प्रतिष्ठानांनी आणि कंपन्यांनी घेतली व देशांतर्गत मालमत्तेसाठी विश्वासू उद्योजकांची नावे उपयोगी पडली.

या उद्योजकांपैकी रॉबेर्तो बेनेदिक्तो हे मार्कोस यांचे महाविद्यालयीन मित्र होते. सरकारी बँकेचे प्रमुखपद, जपानमधील राजदूतपद आणि पुढे साखर उद्योगाचे संपूर्ण नियंत्रण त्यांच्याकडे आले. १९७० च्या दशकात साखरेची खरेदी व निर्यात एकाच यंत्रणेमार्फत होऊ लागली. १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखरेचे भाव विक्रमी पातळीवर गेले, तेव्हा उत्पादकांच्या हाती पडणारा भाव त्याहून पुष्कळच कमी होता. आणखी तेजी येईल या अपेक्षेने साखर रोखून धरली गेली आणि पाठोपाठ भाव कोसळले. १९८० च्या दशकाच्या मध्यास नेग्रोस या ऊस पिकविणाऱ्या बेटावर शेतमजुरांच्या मुलांची उपासमार झाली. ऊस तोच, काटा तोच, गाळपही तेच. परंतु पोत्याचा जगातील भाव आणि शेतकऱ्याच्या हाती आलेला भाव यांमधील अंतर कोणाकडे गेले, याचा हिशेब शेतकऱ्याला पाहता येत नव्हता.

एदुआर्दो कोहुआंग्को यांचे उदाहरण नारळाचे आहे. १९७३ ते १९८२ या काळात खोबऱ्याच्या विक्रीवर शेतकऱ्यांकडून सक्तीची कपात घेतली गेली. हा निधी शेतकऱ्यांच्या हितासाठी असल्याचे सांगितले जाई. त्यातून एक बँक विकत घेतली गेली आणि १९८३ मध्ये सान मिगेल या देशातील मोठ्या उद्योगसमूहाचे भाग खरेदी झाले. मालाच्या वजनावर होणारी कपात, तिच्यातून उभा राहिलेला निधी आणि त्या निधीवर शेतकऱ्याचा नाममात्र हक्क ही साखळी येथे पूर्ण दिसते.

तिसरे नाव औषध व्यवसायातील होसे याओ काम्पोस यांचे. मार्कोस यांच्या पतनानंतर त्यांनी आपल्या नियंत्रणाखालील कंपन्यांच्या नावे असलेल्या अनेक भूखंडांची कागदपत्रे आणि २५ कोटी पेसो नव्या सरकारच्या स्वाधीन केले. या व्यवहारांतील एक तपशील विशेष बोलका आहे. संबंधित भागांची हस्तांतरपत्रे आधीच सही करून ठेवलेली असत आणि ज्याला ती द्यायची त्याच्या नावाची जागा कोरी असे. धनरक्षक मालक म्हणून मिरवू शके, परंतु कोरी जागा कोणत्याही क्षणी भरण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

प्रश्न उरतो तो या माणसांच्या शेवटाचा. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी नव्या सरकारने संपत्ती परत मिळविण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. स्वित्झर्लंडमधील प्रतिष्ठानांच्या नावे असलेली, व्याजासह सुमारे ६५.८ कोटी डॉलर झालेली रक्कम फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये सरकारजमा केली. बेनेदिक्तो यांनी १९९० मध्ये आयोगाशी तडजोड केली. काही मालमत्ता त्यांनी सोडली, काही त्यांच्याकडे राहिली आणि खटल्यांपासून संरक्षणही मिळाले. कोहुआंग्को हे मार्कोस यांच्याबरोबरच देश सोडून गेले होते. ते १९८९ मध्ये परतले, १९९२ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि १९९८ मध्ये ते पुन्हा सान मिगेलचे अध्यक्ष झाले. त्या समूहातील सुमारे २० टक्के भाग त्यांचेच असल्याचा निर्णय २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. कपातीच्या निधीतून घेतलेला दुसरा २४ टक्क्यांचा गट सरकारकडे, शेतकऱ्यांच्या हितासाठी, असल्याचे त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले. त्या निधीच्या विनियोगाचा कायदा होण्यास २०२१ साल उजाडले. कपात सुरू झाल्यापासून तोवर ४८ वर्षे लोटली होती.

थोडक्यात, हुकूमशहा परागंदा झाला, परदेशात मरण पावला आणि त्याचे धनरक्षक तडजोडी करून किंवा न्यायालयात जिंकून आपापल्या व्यवसायात राहिले.

'घाशीराम कोतवाल' : बळी आणि पडदा

या पार्श्वभूमीवर 'घाशीराम कोतवाल' या नाटकाकडे वळल्यास पहिल्या वाचनात उलटे चित्र दिसते. येथे हस्तक मरतो आणि सत्ताधीश उरतो. कनोजहून आलेला घाशीराम पुण्यात अपमानित होतो, आपली मुलगी नानांच्या स्वाधीन करून कोतवाली मिळवितो, पुणेकरांवर सूड उगवतो आणि कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांच्या मृत्यूनंतर जमावाच्या हाती दिला जातो. १७९१ मधील ऐतिहासिक घटनेवर आधारलेल्या या कथेवर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच कादंबरी लिहिली होती. तेंडुलकरांनी तिला सत्तेच्या व्यवहाराचे रूप दिले.

घाशीरामाचे अर्थव्यवहाराशी असलेले नाते मात्र काळजीपूर्वक पाहावयास हवे. बावनखणीत नाना खूश होऊन त्याला कंठा देतात, पण गुलाबीची माणसे तो लगेच हिरावून घेतात. पुढे दक्षिणेच्या वेळी त्याच्यावर चोरीचा आळ येतो. म्हणजे नाटकाच्या आरंभीच दोनदा असे सूचित होते की, धन या माणसाजवळ टिकणार नाही आणि तरीही धनाचा दोष त्याच्या माथी बसेल. कोतवाल झाल्यावर तो प्रत्येक गोष्टीसाठी परवाना सक्तीचा करतो. परवाना म्हटला की शुल्क आले, दंड आला आणि तो चुकविण्यासाठी लाचही आली. हा पैसा शेवटी कोठे जात असेल, हा प्रश्न नाटक पुढे नेत नाही. घाशीरामाची कोतवाली ही सुडाची कहाणी म्हणून रंगते, वसुलीची यंत्रणा म्हणून ती अंधारातच राहते.

कोतवाली देताना नानांच्या मनात जो हिशेब चालतो, त्याला समीक्षेत योग्य महत्त्व मिळाले आहे. घाशीराम परका आहे, म्हणून तो निष्ठावंत राहील आणि नानांच्या पापांचा बोल त्याच्यावर जाईल, असा तो हिशेब आहे. काम्पोस यांच्या हस्तांतरपत्रातील कोऱ्या जागेचे हेच तत्त्व आहे. अधिकार दिला जातो तो काढून घेण्याच्या सोयीसह. घाशीरामाच्या मृत्यूचा हुकूम नाना ज्या सहजतेने देतात, ती सहजता मूळ करारातच अंतर्भूत होती.

परंतु घाशीरामालाच नानांचा खरा भागीदार मानणे अपुरे आहे आणि याचा पुरावा नाटकाच्या रचनेत आहे. रंगमंचावर ओळीने उभा राहणारा ब्राह्मणांचा मानवी पडदा हा या प्रयोगाचा सर्वांत गाजलेला घटक होय. दशावतारी खेळे आणि इतर लोकनाट्यांशी असलेले त्याचे नाते, संगीत व हालचालींतील त्याचा सहभाग यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. बहुतांश विवेचनात मात्र तो शैलीचा विशेष मानला जातो. प्रत्यक्षात त्याचे काम झाकणे हे आहे. नानांचे विलास त्याच्या आड चालतात. तो प्रेक्षकांकडे तोंड करतो तेव्हा कीर्तन असते, पाठ फिरवितो तेव्हा त्याच माणसांची भिंत होते. हा पडदा कापडाचा नाही, माणसांचा आहे. त्यातील प्रत्येकाला मागे काय चालले आहे ते ठाऊक असते.

धनरक्षकाची याहून अचूक प्रतिमा मराठी रंगभूमीवर सापडणे कठीण आहे. झुरिकमधील खाते उघडून घेणारा बँकेचा अधिकारी, प्रतिष्ठानाची घटना लिहिणारा वकील, कंपनीचा ताळेबंद तपासणारा लेखापरीक्षक आणि आपले नाव देणारा उद्योजक यांची ओळ म्हणजे असाच एक मानवी पडदा होता. या पडद्यातील माणसे घाशीरामासारखी परकी अथवा अपमानित नव्हती. ती प्रतिष्ठित होती, म्हणूनच त्यांचा पडदा म्हणून उपयोग झाला. नाटकाच्या शेवटी घाशीराम मेलेला असतो, नाना उत्सवाचा आदेश देतात आणि पडदा पुन्हा नाचू-गाऊ लागतो. उद्या नाना गेले तरी हा पडदा राहील, असे या दृश्यातून निष्पन्न होते. नाटकाचे कथानक फिलिपीन्सच्या अनुभवाशी जुळत नाही. नाटकाची रचना मात्र त्या अनुभवाशी नेमकी जुळते.

'सामना' : विचारलेला आणि न विचारलेला प्रश्न

'सामना' या चित्रपटाचे विश्व ऊसपट्ट्यातील वाचकाच्या अधिक परिचयाचे आहे. हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्यासह परिसरातील सर्व संस्थांवर पकड असणारा पुढारी आणि भटकत गावात आलेला, दारूच्या आहारी गेलेला जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर यांचा हा सामना आहे. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाने तो संस्मरणीय झाला. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा मास्तरचा प्रश्न साऱ्या चित्रपटाला व्यापून राहतो आणि अखेरीस हिंदुरावाला कायद्यासमोर जावे लागते.

या प्रश्नाचे नैतिक बळ वादातीत आहे. एका माणसाचा जीव गेला असता हिशेबाच्या वह्या मागणे क्षुद्र वाटेल, हेही खरे. तरीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. हिंदुरावाचे साम्राज्य चित्रपटात भव्यतेने दिसते, पण ते कोणाकोणाच्या सहीने उभे राहिले हे दिसत नाही. गुन्हा ठरतो तो खून, साम्राज्य ही त्या गुन्ह्याची केवळ पार्श्वभूमी राहते. परिणामी हिंदुराव गेला म्हणजे प्रश्न मिटला, असे समाधान प्रेक्षकाला मिळू शकते. बेनेदिक्तो आणि कोहुआंग्को यांची उदाहरणे या समाधानाला धक्का देतात. मालकाच्या जाण्याने मालकीचा प्रश्न सुटत नाही, उलट तो तेव्हाच सुरू होतो.

'सिंहासन' आणि संस्थेचे नाव

'सिंहासन'मध्ये सत्ताधीश पडतही नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आपल्याविरुद्धचे बंड विरोधकांना मंत्रिमंडळात सामावून घेऊन मोडून काढतात. मंत्रालय, कामगार चळवळ आणि तस्करीचे जग यांचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस अखेरीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. दिगूजवळ माहिती भरपूर आहे. ती सिद्ध करणारा कागद आणि तो कागद पाहणारी संस्था यांच्याशिवाय माहितीचे काय होते, हे त्याच्या हसण्यातून व्यक्त होते.

चित्रपटानंतर अवघ्या अडीच वर्षांत महाराष्ट्रात असा कागद पुढे आला. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी निगडित इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि इतर न्यासांना मिळालेल्या देणग्यांविषयी १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून प्रश्न उपस्थित झाले. सिमेंट तेव्हा नियंत्रित वस्तू होती. सिमेंटचे वाटप आणि बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या यांचा संबंध होता, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ च्या निर्णयात काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी प्रकरण पुढे अनेक वर्षे चालले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने तो खटला उच्च न्यायालयाकडे सोपविणारा आपलाच १९८४ चा आदेश रद्द केला. हे मुख्यमंत्री लोकनियुक्त होते, वृत्तपत्रे व न्यायालये स्वतंत्रपणे काम करू शकली आणि पैसा न्यासाच्या खात्यात उघड जमा झाला होता. त्यामुळे मार्कोस प्रकरणाशी त्याची बरोबरी करता येणार नाही. तुलना एकाच मुद्द्यापुरती सयुक्तिक आहे. नाव व्यक्तीचे असण्याऐवजी संस्थेचे असू शकते आणि संस्थेचे उद्दिष्ट जितके उदात्त, तितका प्रश्न विचारणारा संकोचतो. दिगूचे हसू ज्या ठिकाणी सुरू होते, तेथून पुढे न्यायालयीन चौकशी जाऊ शकते, हेही या प्रकरणाने दाखविले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. तिन्ही कलाकृतींत सत्तेच्या हिंसेचे व कारस्थानाचे चित्रण समर्थ आहे. सत्तेतून आलेल्या संपत्तीच्या मालकीचा प्रश्न मात्र त्यांत गौण राहिला आहे.

२. 'घाशीराम कोतवाल'च्या कथानकात हस्तक मरतो व सत्ताधीश टिकतो. मार्कोस प्रकरणात सत्ताधीश गेला व धनरक्षक टिकले. घाशीराम हा बळी आहे, धनरक्षक नाही, हा भेद लक्षात न घेतल्यास नाटकाचा अर्थ अपुरा राहतो.

३. नाटकातील मानवी पडदा हा केवळ लोकनाट्याचा घटक नसून झाकण्याच्या कृतीत सहभागी असलेल्या प्रतिष्ठितांचे ते चित्र आहे. नाटकाचा सर्वांत टिकाऊ राजकीय आशय या रचनेत आहे.

४. 'सामना'तील प्रश्न नैतिकदृष्ट्या मूलभूत आहे. त्याला मालकीच्या प्रश्नाची जोड न मिळाल्याने हिंदुरावाच्या पतनाचे समाधान मर्यादित ठरते.

५. साखर व खोबरे यांच्या उदाहरणांत अंतिम भार शेतकरी व शेतमजूर यांच्यावर पडला. तिन्ही कलाकृतींत हा घटक गर्दीच्या रूपाने येतो, हिशेब मागणारा म्हणून येत नाही.

समारोप

मराठी समीक्षेने 'घाशीराम कोतवाल'मधील पडद्याचे कौतुक केले, त्याची उलटतपासणी केली नाही. याचे एक कारण असे संभवते की, पडदा सुशिक्षितांचा आहे आणि समीक्षकही त्याच वर्गातून येतो. पश्चिम महाराष्ट्रात सहकाराने कारखान्यांबरोबर शाळा-महाविद्यालयेही उभी केली. ऊसबिलातून होणारी कपात ही येथील अनेक संस्थांच्या उभारणीची खरीखुरी आणि अभिमानास्पद कथा आहे. तो अभिमान टिकवायचा असेल, तर कपातीचा हिशेब सभासदाला वाचता आला पाहिजे. त्या हिशेबावर सही करणारे, तो तपासणारे आणि तो समजावून सांगणारे लोक याच महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडतात. पदवी व पदव्युत्तर वर्गांत हे नाटक शिकविताना नाना आणि घाशीराम यांच्या व्यक्तिचित्रणाबरोबर पडद्यातील माणसांविषयीही प्रश्न विचारला गेला, तर तेंडुलकरांच्या या कृतीला अधिक न्याय मिळेल.